खोट्या लढाईची खरी विद्या



आपल्या शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी दरवर्षी व्याकरणाविषयी अथवा एखाद्या जुन्या कवीविषयी चार शब्द लिहून देतो, आणि आपण ते सौजन्याने वाचता. निदान वाचल्यासारखे दाखविता. यंदा माझा विषय पाहून पुष्कळांस नवल वाटेल. यंदा मी चित्रपटांतील मारामारीविषयी लिहिणार आहे. त्यातही एका गाजलेल्या मारामारीच्या चित्रपटाचा जो उत्तरभाग पुढे निघाला, त्याविषयी. ज्या मास्तरांनी लाथाबुक्क्यांचे सिनेमे पाहणाऱ्या मुलांचे मोबाइल कितीदा तरी काढून घेऊन कपाटात ठेवले, त्यांसच हा विषय का सुचावा, असे आपण विचाराल. ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. त्यात माझी स्वतःची एक जुनी चूकही येणार आहे. तीस वर्षांहून अधिक काळ ती केवळ दोघांसच ठाऊक होती. त्या दोघांपैकी दुसऱ्याची संमती घेऊनच मी ती येथे सांगत आहे.

गोष्ट १९९२ सालची. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो व माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. आमचे गाव नेवासे तालुक्यात. चैत्रात गावची जत्रा भरे आणि जत्रेबरोबर फिरता सिनेमा येई. माळावर मोठा तंबू उभा राही. दुपारपासून कर्ण्यावर गाणी लागत व पेटी उघडणार असल्याची आरोळी गावभर फिरे. जमिनीवर गोणपाट टाकून बसावयाचे, मध्ये दोरी बांधून एका बाजूस स्त्रिया व दुसऱ्या बाजूस पुरुष, आणि दर अर्ध्या तासाने रीळ बदलताना शिट्ट्यांचा गजर. आमचे वडील शिक्षक होते व सिनेमाच्या तंबूकडे फिरकावयाचे नाही, अशी त्यांची आम्हांस सक्त ताकीद होती. म्हणून आम्ही दोघे कनातीखालून आत शिरलो.

त्या रात्रीचा खेळ म्हणजे हिंदीत बोल घातलेला एक चिनी मारामारीचा चित्रपट होता. बाहेरच्या फलकावर ब्रूस लीचे चित्र होते. आत मात्र दुसराच कोणी नट होता. ब्रूस ली १९७३ सालीच वारला होता. परंतु त्याच्या नावावर व त्याच्यासारख्या दिसणाऱ्यांवर पुढे कित्येक वर्षे चित्रपट निघत राहिले, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या रात्री ह्या गोष्टीची पर्वा कोणास होती? तो नट हवेत उडी घेऊन लाथ मारी व समोरचे चार जण चार दिशांस उडून पडत. पडलेल्यांचे पुढे काय होते, हे चित्रपटात कोणी दाखविले नाही आणि आम्हांसही तो प्रश्न पडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मळ्यातील कडब्याच्या गंजीवर चढलो. मी अर्थातच नायक झालो. भावास खलनायक व्हावे लागले. धाकट्या भावांच्या वाट्यास बहुधा हेच येते. मी आरोळी ठोकून लाथ उगारली. त्याच क्षणी रस्त्याने कोणाची तरी बैलगाडी चालली होती, तिच्या घुंगरांच्या आवाजाने तो तिकडे वळला होता. त्याने माझ्याकडे पाहिलेही नव्हते. माझी लाथ त्याच्या बरगडीवर बसली व तो गंजीवरून खाली गेला. पडताना त्याने डावा हात जमिनीकडे ताठ पुढे केला आणि सर्व भार त्या हातावर आला. तो आवाज मी आजही विसरलो नाही. सिनेमातील आवाजासारखा तो मुळीच नव्हता. वाळलेली काटकी मोडावी इतकाच तो होता.

वडील धावत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडण्याच्या आतच भाऊ रडत रडत म्हणाला, "मीच घसरलो, पप्पा." लाथेची गोष्ट सांगावी तर सिनेमाची गोष्ट सांगावी लागली असती, हे त्या नऊ वर्षांच्या मुलास माझ्याआधी उमगले होते. मी गप्प राहिलो. शेजारच्या गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. हाड सांधले, पण वाकडे सांधले. कोपरापासून खालचा हात कायमचा आत वळला तो वळलाच.

भावास सैन्यात जावयाचे होते. २००१ साली तो भरतीस गेला तेव्हा मी त्याच्यासोबत होतो. त्याचे कपडे व कागदपत्रे सांभाळीत मैदानाबाहेर उभा होतो. धावण्याच्या परीक्षेत तो पहिल्या काहींत आला. पुढे वैद्यकीय तपासणीत त्यास दोन्ही हात समोर ताठ धरावयास सांगितले. एवढ्यावरच त्याचा निकाल लागला. तो बाहेर आला, माझ्या हातून सदरा घेऊन अंगात घातला व म्हणाला, "दादा, चल, एसटी चुकेल." त्या दिवशी त्याने मजवर रागवावयास हवे होते, असे मला अनेकदा वाटले आहे. तो रागावला नाही. आज नेवासे फाट्यावर त्याचे ट्रॅक्टरदुरुस्तीचे दुकान आहे. वडील २०१० साली वारले. आपला धाकटा मुलगा गंजीवरून आपणच घसरला, हीच त्यांची अखेरपर्यंत समजूत होती.

मारामारीच्या चित्रपटांविषयी माझ्या मनात इतका तिटकारा का होता, हे आता आपल्या ध्यानात आले असेल. वर्गात मी त्यास नीतीचे नाव देत असे. खरे पाहता ती माझ्या मनाची टोचणी होती.

भावाचा मुलगा सध्या आपल्याच शाळेत नववीत शिकतो व माझ्या घरी राहतो. शाळेत तो मला 'सर' म्हणतो व घरी 'काका'. गेल्या स्नेहसंमेलनाच्या आधी नववीची मुले मजकडे आली व त्यास पुढे करून म्हणाली, "सर, आम्हांला एक लढाईची नाटिका बसवायची आहे." मी साफ नकार दिला. शाळेच्या रंगमंचावर मारामारी नको, असे म्हणून मी त्यांस एक ऐतिहासिक संवाद देऊ केला. मुले हिरमुसून परत गेली.

रात्री जेवणानंतर पुतण्या मोबाइल घेऊन मजजवळ आला. "काका, पाचच मिनिटे पाहा. मग नाही म्हणा." त्याने जो चित्रपट लावला तो हाँगकाँगचा, २०१० साली निघालेला 'इप मॅन २', म्हणजे 'इप मॅन' ह्या २००८ सालच्या चित्रपटाचा उत्तरभाग. इप मॅन हे खरेखुरे गृहस्थ होते. ते विंग चुन नावाची युद्धविद्या शिकवीत. ब्रूस ली लहानपणी त्यांचा शिष्य होता. १९७२ साली ते वारले. चित्रपटातील प्रसंग असा: नव्या शहरात शाळा उघडावयाची तर इप मॅन यांस तेथील जुन्या गुरूंशी एका वाटोळ्या मेजावर उभे राहून लढावे लागते. उदबत्ती जळून संपेपर्यंत जो मेजावर टिकेल तो खरा. इप मॅन यांची भूमिका डॉनी येन यांची आहे. शेवटी त्यांच्यासमोर जे वृद्ध गुरू उभे राहतात ते आहेत सॅमो हंग. चित्रपटातील सर्व लढाया बसविणारेही तेच. ती लढत बरोबरीत सुटते.

मी कपाळास आठ्या घालून पाहत होतो. पुतण्या म्हणाला, "काका, नीट बघा. हे दोघे एकमेकांना मारत नाहीत, सांभाळताहेत. मेज केवढेसे आहे! एकाचा तोल गेला तर दुसराही पडेल."

चौदा वर्षांचा मुलगा जे पाहू शकला ते मला कधी दिसले नव्हते. मी तो प्रसंग पुन्हा पाहिला. खरोखरच, मारणाऱ्याचे डोळे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांवर होते. दुसरा तयार झाल्यावाचून पहिल्याचा हात सुटत नव्हता. मला ती बैलगाडी आठवली.

दुसऱ्या दिवशी मी मुलांस परवानगी दिली. अट एकच घातली: गोष्ट आपल्या मुलखातील घ्यावी. आणि ती शोधता शोधता आम्ही 'हंटरवाली'पाशी येऊन पोहोचलो.

आजच्या मुलांस हे नाव ठाऊक नाही. पण एके काळी ते मुलामुलांच्या तोंडी होते. मुंबईस परळ येथे जमशेद व होमी हे वाडिया बंधू वाडिया मूव्हिटोन ही चित्रसंस्था चालवीत. त्यांनी १९३५ साली 'हंटरवाली' काढला. त्यात एक राजकन्या बुरखा घालून, हाती चाबूक घेऊन, घोड्यावर बसून दुष्टांचे पारिपत्य करते. ही भूमिका नादिया या नटीने केली. तिचे मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म १९०८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे. लहानपणी ती हिंदुस्थानात आली, पुढे सर्कशीत राहिली, नृत्य शिकली, घोड्यावर बसू लागली. तिच्या चित्रपटांत जी राजकन्या घोडा फेकते, छपरांवरून धावते व पुरुषास खांद्यावर उचलून फेकते, ती स्वतः नादियाच असे. धोक्याच्या जागी दुसऱ्या कोणास उभे करून चेहरा तेवढा आपला दाखवावा, हा प्रकार तिने पत्करला नाही. 'हंटरवाली' आठवड्यामागून आठवडे चालला. ज्या काळी पडद्यावरील स्त्रीच्या वाट्यास बहुधा डोळे पुसण्याचे काम येई, त्या काळी एक स्त्री चाबूक उगारून उभी राहिली, ह्याचे लोकांस केवढे अप्रूप वाटले असेल, ह्याची कल्पना करावी.

पुढे १९४२ साली वाडिया मूव्हिटोनची परळची जागा व्ही. शांताराम यांजकडे गेली व तेथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. होमी वाडिया यांनी बसंत पिक्चर्स ही आपली निराळी संस्था काढली. संस्था नवी, हाताशी जुने नाव. तेव्हा १९४३ साली त्यांनी नादियासच घेऊन 'हंटरवाली की बेटी' आणला. एका यशस्वी चित्रपटाची पुढली गोष्ट म्हणून काढलेल्या आपल्याकडील अगदी पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. आज एका चित्रपटास दुसरा, तिसरा, चौथा भाग जोडण्याची जी रीत पडली आहे, तिचे मूळ असे आपल्या मुंबईत आठ दशकांमागे सापडते.

उत्तरभाग काढणे हे सोपे काम नव्हे. पहिल्या भागाच्या वेळी प्रेक्षक कोऱ्या मनाने येतो. दुसऱ्या वेळी तो पहिला भाग मनात घेऊन येतो. तेच पुन्हा दाखवावे तर तो कंटाळतो. अगदी निराळे दाखवावे तर फसवणूक झाली म्हणतो. मारामारीत तर ही अडचण दुप्पट. पहिल्या वेळी दोन माणसे उचलून फेकली असतील तर दुसऱ्या वेळी चार फेकावी लागतात. पहिल्या वेळी उडी दहा फुटांची असेल तर दुसऱ्या वेळी ती पंधरा फुटांची व्हावी लागते. नटाचे वय मात्र वाढलेले असते. 'हंटरवाली'च्या वेळी सत्तावीस वर्षांची असलेली नादिया उत्तरभागाच्या वेळी पस्तिशीत होती. म्हणून ज्यास खरी कला अवगत आहे तो उत्तरभागात केवळ प्रहारांची संख्या वाढवीत नाही; लढाईस काही नवे कारण, नवी जागा, नवी मर्यादा देतो. त्या वाटोळ्या मेजाची युक्ती हीच. जागा लहान केली आणि लढाई मोठी झाली.

आपल्या मराठी मुलुखाने ह्या कलेस पुष्कळ माणसे दिली आहेत. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पुढे आलेले मास्टर विठ्ठल मूकपटांच्या काळी तलवारीच्या लढायांसाठी गाजले व १९३१ साली पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' निघाला तेव्हा त्याचे नायक झाले. पुढे 'अलबेला'मुळे घरोघरी ठाऊक झालेले मास्टर भगवान यांनीही आधी अनेक वर्षे मारामारीचेच चित्रपट केले. ह्याच मास्टर भगवान यांच्या हातून घडलेली एक दुर्घटना मी मुलांस तालमीच्या पहिल्याच दिवशी सांगितली. कारण ती ठाऊक नसताना कोणी रंगमंचावर हात उगारू नये, असे मला वाटते.

आपल्या कोपरगावाशेजारच्या येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार १९४२ साली 'जंग-ए-आझादी' ह्या चित्रपटात काम करीत होत्या. एका प्रसंगात मास्टर भगवान यांनी त्यांस थप्पड मारावयाची होती. ती नुसती दिसावयाची ती प्रत्यक्ष लागली, व जोराने लागली. चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षाघात झाला, डाव्या डोळ्यास इजा झाली. सुमारे तीन वर्षे उपचार चालले, तरी तो डोळा कायमचा बारीक झाला. मारणाऱ्याच्या मनात वैर नव्हते. तथापि नायिकेच्या भूमिका त्यांच्या हातून गेल्या त्या गेल्याच. पुढे खाष्ट सासू म्हणून, दूरदर्शनवरील 'रामायणा'त मंथरा म्हणून साऱ्या देशाने त्यांस ओळखले. आणि १९५९ सालच्या 'अनाडी'त वरून कठोर व आतून मायाळू अशी मिसेस डिसा त्यांनी उभी केली, तिला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. मिसेस डिसा पाहताना आमच्या ख्रिस्ती वस्तीतील कित्येक आजीबाईंची मला आठवण होते. ललिताबाईंच्या आयुष्याचा उत्तरभाग असा थोर झाला. परंतु तो थोर झाला म्हणून ती थप्पड क्षम्य ठरत नाही. एका क्षणाची चूक दुसऱ्याने आयुष्यभर निभावून नेली, एवढाच त्याचा अर्थ.

हे सांगताना माझा आवाज थोडा हलला असावा. पुतण्या मजकडे टक लावून पाहत होता.

त्यानंतर आम्ही कामास लागलो. नाटिकेचे नाव मुलांनीच ठेवले: 'हंटरवालीची लेक'. नायिका नववीतील एक विद्यार्थिनी; तिच्यासमोर वजिराचे चार शिपाई. मी पुस्तके वाचून व चित्रफिती पाहून जे जमविले त्याचे नियम करून फळ्यावर लिहिले. पालकांसही ते ठाऊक असावेत म्हणून येथे देतो.

पहिला नियम असा की, कोणाचाही हात कोणाच्याही चेहऱ्यास लागावयाचा नाही. मूठ चेहऱ्यापासून वीतभर दूरच राहते. मधले अंतर प्रेक्षकांस दिसू नये अशा रीतीने दोघांनी उभे राहावयाचे, एवढेच. चित्रपटात कॅमेरा जेथे असतो तेथे आपल्या रंगमंचासमोर प्रेक्षक असतात. दुसरा नियम डोळ्यांचा: समोरच्याने आपल्याकडे पाहून मान हलविल्यावाचून प्रहार सुरू करावयाचा नाही. तिसरा नियम मुलांस सर्वांत विलक्षण वाटला. खोट्या लढाईत मारणारा नव्हे तर मार खाणारा लढाई चालवितो. केस ओढावयाचे असतील तर ज्याचे केस त्यानेच दुसऱ्याची मूठ आपल्या डोक्यावर घट्ट धरून ठेवावयाची व आपणच पुढे सरकावयाचे. ढकलावयाचे असेल तर ढकलणाऱ्याने नुसता हात टेकावयाचा; मागे जाणाऱ्याने आपल्या पायांनी जावयाचे. चौथा नियम आवाजाचा: चित्रपटात ठोशांचे आवाज मागाहून भरतात; आम्ही पडद्याआड एका मुलास दोन फळ्या देऊन बसविले. नायिकेचा हंटर सुताच्या मऊ दोरीचा केला, कडकडाट फळ्यांचा. आणि पाचवा नियम गतीचा: लेझीम जशी आकड्यांवर शिकतात तसा प्रत्येक हात एक-दोन-तीन म्हणत संथपणे बसवावयाचा, गती हळूहळू वाढवावयाची आणि खेळाच्या दिवशीही थोडी राखूनच ठेवावयाची.

हे नियम पाहून एक मुलगा म्हणाला, "सर, मग ह्यात मर्दानगी कुठे राहिली?" मी त्यास आपल्याकडील मर्दानी खेळांची आठवण दिली. शिवजयंतीस दांडपट्टा फिरविणारा खेळाडू समोरच्याच्या तळहातावरील लिंबू एका फटकाऱ्यात कापतो व तळहातावर ओरखडाही उठू देत नाही. टाळ्या कशास पडतात? लिंबू कापल्याबद्दल की हात राखल्याबद्दल? लिंबू तर विळीवर कोणीही कापतो.

अडचण निराळीच आली. मारावयास सारे तयार. पडावयास कोणी नाही. चारही शिपायांस वाटे, आपण थोडा तरी मार द्यावा. पुतण्याचीही तीच तऱ्हा. वजिराच्या सरदाराची, म्हणजे सर्वांत जास्त हात उगारण्याची भूमिका त्याने आधीच पटकावली होती. आणि जे पडत ते भलतेच पडत. एकदा एकाने पडताना हात मागे ताठ टेकला. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की मुले घाबरून उभीच राहिली. त्या दिवशीची तालीम मी तेथेच थांबविली.

रात्री भावास दूरध्वनी केला. काय झाले ते सांगितले. तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, शनिवारी दुकान बंद ठेवतो. येतो मी."

शनिवारी तो आला. गावच्या तालमीत तो तरुणपणी जात असे. कुस्ती हाताने जमली नाही, तरी तेथील वस्तादांनी त्यास लाल मातीत पडावे कसे हे शिकविले होते. आपल्या शाळेच्या सभागृहात गाद्या पसरून त्याने मुलांस दिवसभर केवळ पडावयास शिकविले. हनुवटी छातीशी, पाठ गोल, गुडघे सैल. आणि हात कधीही ताठ टेकावयाचा नाही, तो शरीराबरोबर वळवून घ्यावयाचा. तो स्वतः वीस-पंचवीस वेळा तरी पडून दाखविता झाला. मुले खूश झाली. मधल्या सुट्टीत एका लहानग्या शिपायाने त्यास सरळ विचारले, "काका, तुमचा हात असा कसा हो झाला?"

भावाने हसून आपले जुने उत्तर दिले, "लहानपणी गंजीवरून घसरलो."

त्याचा मुलगा तेथेच पाण्याची बाटली घेऊन उभा होता. तेहतीस मुले माझे विद्यार्थी, त्यांतला एक माझा पुतण्या. मी गप्प राहिलो असतो तर कोणासही काही कळले नसते. पूर्वीही कळले नव्हते. परंतु त्या आठवड्यात मीच त्या मुलांस सांगितले होते की, मारणाऱ्याने समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे. मी म्हणालो, "तो घसरला नाही. मी त्याला लाथ मारली. त्याचे लक्ष नव्हते. आणि वडिलांनी विचारले तेव्हा मी बोललो नाही." मग सैन्यभरतीचीही गोष्ट सांगितली. सभागृहात कोणी हलले नाही. भाऊ खाली पाहत गादीची शिवण बोटाने चाचपीत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "दादा, आता पुरे. मुलांची तालीम राहिली आहे." आणि उठून पुन्हा पडून दाखवू लागला.

त्या रात्री पुतण्या घरी माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी त्यास काही विचारले नाही; त्याचा तो हक्क होता. सोमवारी तालमीच्या आरंभी तो पुढे आला व म्हणाला, "सर, सरदाराचे काम दुसऱ्या कोणाला द्या. मी पहिला शिपाई होतो. सगळ्यांत उंचावरून पडणारा." मी कारण विचारले. तो म्हणाला, "कुणीतरी नीट पडायला पाहिजे ना?"

संमेलनाचा दिवस आपण पाहिलाच आहे. आठ मिनिटांच्या त्या नाटिकेस किती शिट्ट्या पडल्या, हे मुख्याध्यापकांस ठाऊक आहे. त्यांनी मला त्याबद्दल दुसऱ्या दिवशी हसत हसत बोलही लावला. नायिकेने हंटर उगारला, फळ्या कडाडल्या, पहिला शिपाई तटावरून, म्हणजे चार बाकांच्या उतरंडीवरून, मागच्या मागे गेला. प्रेक्षकांत 'अगाई!' असा उद्गार उठला. तो पडद्याआडच्या गादीवर गोल वळून उतरला व तेथूनच मला अंगठा दाखविता झाला. पुढल्या रांगेत माझी आई व भाऊ बसले होते. आईने भीतीने भावाचा हात धरला होता, तो वाकडा हात. संमेलनाच्या आदल्या रात्री आम्ही दोघांनी मिळून तिला सर्व सांगितले होते. ती एवढेच म्हणाली होती, "तुमच्या पप्पांना सांगायला हवे होते रे."

विद्यार्थ्यांनो, मारामारीचे चित्रपट पाहूच नका, असे मी यापुढे सांगणार नाही. पाहा; परंतु पडणाऱ्याकडे पाहा. पडद्यावर तो चार पळे दिसतो. त्याने त्या चार पळांसाठी कित्येक दिवस घालविलेले असतात, आणि ज्याने त्यास पाडले त्यानेही त्याचा जीव तितकेच दिवस जपलेला असतो. ही जपणूक पडद्यावर दिसत नाही, म्हणून घरी गादीवर, गच्चीवर, गंजीवर तिचे अनुकरण होत नाही. अनुकरण केवळ लाथेचे होते. पालकहो, आपल्या मुलाने हवेत लाथ मारलेली आपणांस दिसली तर त्यास रागे भरण्याआधी एवढेच विचारा, की समोर कोण होता, आणि तो तुझ्याकडे पाहत होता का?

नादिया १९९६ साली मुंबईत वारली. तिच्या चित्रपटांवर तिच्याच घराण्यातील एका तरुणाने १९९३ साली एक माहितीपट केला. त्यात ती वृद्धपणी आपल्या लढायांविषयी बोलताना दिसते. आमच्या नाटिकेतील मुलांस मी त्याचा काही भाग दाखविला. उत्तरभागाने पहिला भाग पुसला जात नाही. नादियाच्या उत्तरभागानेही पुसला नाही, आणि माझ्याही नाही. भावाचा हात वाकडाच आहे. मात्र गेल्या महिन्यापासून दर शनिवारी तो आपल्या शाळेत येतो व पाचवीपासूनच्या मुलांस पडावयास शिकवितो. बाजूस गाद्या पसरण्याचे काम माझ्याकडे आहे.